मनगटातलं मांजर

सुरीचं टोक शिंपलीच्या कडेत घुसलं, मनगट वळलं, कट्! वरची शिंपली उडून ढिगावर पडली. लुआन मावशीनं आतलं मांस खरवडून पातेल्यात टाकलं आणि पुढचं कालव उचललं. बाकीच्या बायकांचं एक होईपर्यंत हिची तीन झालेली असायची. तुंगशीच्या बंदरावर पत्र्याच्या शेडची रांगच आहे, सगळीकडे बायका समुद्रातून आलेली कालवं फोडत बसलेल्या असतात, पण मावशीच्या हातासारखा हात एकाही शेडमध्ये नाही. कुणाला पटत नसेल तर त्यानं समोर येऊन बोलावं.

सकाळचे साडेपाच. पहिली टोपली संपली तशी तिनं डाव्या हातातला कोपरापर्यंतचा रबरी मोजा ओढून काढला. पाठीमागं डीप फ्रीझर होता, त्याच्या झाकणावर डावा हात आडवा ठेवला, उजव्या हाताची दोन बोटं मनगटावर टेकवली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतंय मांजर?" समोरच्या पाटावरून युएइंगनं विचारलं. मावशीनंतर शेडमध्ये नंबर हिचा, म्हणून जीभ जरा जास्त चालायची.

"गुरगुरतंय."

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरं मग. तो नुसता घोरायचा."

"तुझा तर घोरतपण नाही गं. जिवंत आहे का, जा एकदा बघून ये."

सगळी शेड हसली. मावशीही हसली, मोजा चढवला आणि दुसरी टोपली पुढ्यात ओढली. पण तो गुरुवार होता, आणि त्या सकाळी मावशी शेडमध्ये असायलाच नको होती.

मांजराचं आधी सांगतो. आठ वर्षांपूर्वी मावशीच्या किडन्या गेल्या. दिवसभर वाकून कंबर धरायची म्हणून ती रेडिओवर विकतात त्या काळ्या गोळ्या खायची, डबेच्या डबे. रेडिओवरचा माणूस "आई, ताई" करत इतकं गोड बोलायचा की डॉक्टर त्याच्यापुढं फिके. गोळ्यांनी कंबरेचं दुखणं थांबलं आणि मागोमाग लघवीपण थांबली. मग मोठ्या हॉस्पिटलात तिच्या डाव्या मनगटात धमनी आणि शीर एकमेकींना शिवून टाकल्या. असं केलं की शीर फुगून दोरखंडासारखी होते आणि तिच्यात जाड सुया खुपसता येतात. एका सुईतून रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन दुसऱ्या सुईतून परत येतं. त्या जोडातून रक्त इतक्या जोरात पळतं की वर बोट ठेवलं की गुरगुर लागते, मांडीवर मांजर बसल्यासारखी.

डायलिसिसच्या सेंटरमधली पेइरू सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "मावशी, रोज एकाच वेळी, एकाच जागी, हात कशावर तरी टेकवून बघायचं. मांजर गुरगुरतंय, म्हणजे सगळं ठीक. गप्प झालं तर तासभरसुद्धा थांबायचं नाही, पळत यायचं."

मावशीनं शब्दन् शब्द पाळला. रोज साडेपाचला, रोज त्याच जागी.

तरी आयुष्य कसं झालं होतं ते बघा. सोमवार, बुधवार, शुक्रवार अकरा वाजता सेंटरची गाडी दारात. चार तास खुर्चीत. डावा हात सुयांसकट उशीवर, हलवायचा नाही. नाक खाजलं तर उजव्यानं, पण तोही जपून. टीव्हीवर जे लागेल ते बघायचं. पाणी मोजून, दिवसाला दोन कप. तहान लागली की एक बर्फाचा खडा गालात धरायचा. मुलगा तिकडं उत्तरेत ताओयुआनला कारखान्यात, त्याच्याकडं जायचं म्हटलं तर तिथलं सेंटर आधी शोधा, कागद पाठवा, खुर्ची मिळते का बघा. आठ वर्षांत दोनदा गेली. डाव्या हातात घड्याळ नको, बांगडी नको, पिशवी नको, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.

मशीनचा खर्च सरकारी विमा भरायचा. "डावा हात सरकारनं नेला," ती म्हणायची. "उजवा तेवढा माझा आहे."

शेजारच्या खुर्चीत बुनहोक असायचा. वय साठ, भावाबरोबर कालवांच्या बांबूच्या मांडवांवर काम करायचा, पायाची तीन बोटं साखरेनं नेलेली. तो म्हणायचा, "लुआन, आपण दोघं खुंट्याला बांधलेली म्हसरं. फरक एवढाच, म्हशीला कुणीतरी दूध मागतं."

"तुझ्याकडं मागून काय मिळणार? नुसता वास."

आता खरी भानगड. ती शिवलेली शीर कायमची टिकत नाही. आतून जाड होते, अरुंद होते, रक्त अडतं. मग शिरा दुरुस्त करणारे छिउ डॉक्टर हातात बारीक तार घालतात, तारेवरून फुगा नेतात, अरुंद जागी फुगवतात आणि वाट मोकळी करतात. मावशीचं हे पाच वेळा झालं होतं. आधी वर्षानं, मग सहा महिन्यांनी, मग तीन. उन्हाळ्यात पाचव्या वेळी डॉक्टर स्टुलावर बसून सरळ बोलले होते.

"मावशी, या हाताची शीर संपत आली. वर दंडातली मी सोनोग्राफीत बघितली, तीपण कामाची नाही. परत बंद पडली तर आपण उजव्या हातात नवीन करू."

"उजव्या हातात सुरी असते माझ्या."

"मग सुरी कायमची खाली ठेवायची. डावा मोज्यात नुसतं कालव धरतो, सुरीचा हात शिंपल्यांच्या कडांवर सारखा घासतो. त्याला ओरखडा जरी उठला आणि तिथल्या पाण्यातले जंतू आत गेले, तर हात सोडा, तुम्ही जाल."

हे तिनं शेडमध्ये कुणाला सांगितलं नाही. पोरालाही नाही. फक्त बुनहोकला सांगितलं, कारण चार तास शेजारी बांधून घातलेल्या माणसापासून काय लपणार? म्हणाली, "खुर्चीत मी सात नंबर. घरी मी म्हातारी. शेडमध्ये सुरी हातात आली की मी लुआन. तेवढंपण काढून घेतलं तर मला मशीनला जोडून तरी काय उपयोग?"

बुनहोकनं आपल्या वाटचा बर्फाचा खडा तिच्यापुढं केला.

त्या आठवड्यातल्या बुधवारी पेइरूनं नेहमीसारखी तिच्या मनगटावर स्टेथोस्कोपची नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली. "मावशी, शिट्टी वाजतेय. आवाज बारीक झालाय. उद्या सकाळी छिउ डॉक्टरांकडं जायचं, मी नाव लावते. नक्की?"

"नक्की."

आणि गुरुवारी सकाळी मावशी शेडमध्ये. चंद्राचा सण चार दिवसांवर होता, सगळं गाव अंगणात शेगड्या मांडून कालवं भाजणार, मागणी मरणाची, एवढं कारण तिला पुरलं. पण हे स्वतःला सांगायचं कारण. हॉस्पिटलात गेलं की पुढचा शब्द 'उजवा' असणार, हे तिला ठाऊक होतं. शिवाय मांजर गुरगुरतच होतं की! गुरुवारीही, शुक्रवारीही. तिनं दोन्ही सकाळी स्वतःच्या बोटांनी बघितलं होतं.

शुक्रवारी अकरा वीसला ती खुर्चीत बसली. पेइरूनं बोटं ठेवली. मग नळी लावली. थोडी वर सरकवली. परत खाली आणली. तिचं तोंड बघूनच बुनहोक उठून बसला.

"मावशी, हे बंद आहे."

"काहीतरीच काय! सकाळी गुरगुरत होतं."

"काही नाहीये. तुम्हीच हात लावून बघा."

मावशीनं बोटं ठेवली. दोरखंड होता, कडक, गार. आत कुणी नव्हतं. आयुष्यभर बर्फाच्या पाण्यात बुडून बोटांची टोकं बधिर झालेली, म्हणून तिनं दाबून बघितलं, ओठ लावून बघितले. काही नाही.

"सकाळी होतं गं," ती म्हणाली. या वेळी आवाज लहान होता.

हॉस्पिटल शेजारीच, म्हणून अर्ध्या तासात ती एक्स-रेच्या ऑपरेशन खोलीत. अंगभर हिरवी चादर, तोंडावरपण चादरीचा तंबू, डावा हात बाहेर काढून फळीवर पट्ट्यानं बांधलेला. हात बधिर केलेला, पण माणूस जागा. चादरीखाली स्वतःच्याच श्वासाची वाफ. पाणी मागायची सोय नाही, कूस बदलायची सोय नाही, पळायचा तर प्रश्नच नाही. अंगावर शिशाचा जाड कोट घातलेले छिउ डॉक्टर वरून बोलत होते, त्यांचं तोंडपण दिसत नव्हतं.

"मावशी, एकच विचारतो, नीट आठवून सांगा. शेवटची गुरगुर कधी लागली?"

"आज पहाटे साडेपाचला."

"नक्की?"

"पोराची शपथ."

"मग बरंय. सहा-सात तासांची गुठळी मऊ असते. आतूनच काढतो, हात वाचवायचा प्रयत्न करू." आणि मग दुसऱ्या कुणाला तरी, "तार द्या."

हात वाचवायचा प्रयत्न! मावशीनं तंबूत डोळे मिटून घेतले. डावा वाचला की उजवा वाचला. बस, अजून काय पाहिजे.

तार आत गेली. दुखत नव्हतं, नुसतं कुणीतरी आतून ओढतंय, ढकलतंय असं. खटखट आवाज. "पुढं जात नाही." परत. "दुसरी द्या, कडक वाली." परत. वर मोठं यंत्र फिरलं, थांबलं. डॉक्टरांचा श्वास जोरात झाला.

"सात तासांची गुठळी इतकी घट्ट कशी?" ते पुटपुटले. "जरा जोर लावावा लागेल. मावशी, हलू नका हं."

तेवढ्यात टेबलाखाली कसली तरी मोटर सुरू झाली. बारीक घुर्र. टाचांना लागली, पाठीला लागली. आणि हातात मांजर आलं.

मावशीला क्षणभर इतका आनंद झाला की ती ओरडणारच होती, आलं, आलं! मग तिच्या लक्षात आलं. डावा हात बधिर होता. गुरगुर लागत होती ती उजव्या तळहाताला, टेबलाच्या कडेवर ठेवला होता तिथं. आणि उजव्या हातात कुठलं आलंय मांजर?

तशीच गुरगुर. अगदी तशीच. रोज साडेपाचची.

डीप फ्रीझर. या उन्हाळ्यात त्याचा एक पाय गंजून मोडला होता. युएइंगनंच खाली वीट सारली होती, आणि तेव्हापासून कॉम्प्रेसर सुरू असला की सगळा डबा थरथरायचा, झाकणासकट. आणि मावशी रोज हात तिथंच टेकवायची, सिस्टरनं सांगितलंय ना, एकाच जागी. गुरुवारचं मांजर, शुक्रवारचं मांजर, सगळं त्या डब्याचं होतं. मग स्वतःचं कधीचं? शेवटचं खरं? बुधवारी पेइरूनं ऐकलं ते. नंतर तिनं दुसरीकडं कुठं हात लावून बघितलंच नव्हतं. अंथरुणात बघावंसं दोनदा वाटलं होतं, पण भीतीनं बोटं पुढं नेली नव्हती.

म्हणजे गुठळी दोन दिवसांची.

ती गप्प राहिली. हेपण सांगतो, तिला देवी करून मला काही मिळवायचं नाही. ती चादरीखाली गप्प पडून राहिली. बोललं की डॉक्टर थांबणार, आणि पुढचा शब्द 'उजवा'. नाही बोललं तर ते ढकलत राहतील, आणि कुणी सांगावं, एखाद वेळी तार जाईलही. पाठीखाली मोटर घुरघुरत होती. उजव्या हाताची बोटं आपोआप मिटली, सुरी धरल्यासारखी.

"सर, आणखी जोर लावला तर शीर फाटेल," कुणीतरी हळू म्हणालं.

"सात तासांची आहे म्हणतायत ना. गेली पाहिजे. एकदा अजून बघतो."

"डॉक्टर," मावशी म्हणाली.

"दुखतंय?"

"थांबा. साडेपाचचं खोटं आहे. मी खोटं नाही बोलले, पण खोटं आहे. मांजर माझं नव्हतं, फ्रीझरचं होतं."

मग डॉक्टर वाकले, चादरीची कड उचलली. पहिल्यांदा तोंड दिसलं. घामानं भिजलेलं, पोरगेलं तोंड. "कसला फ्रीझर, मावशी?"

तिनं सांगितलं. वीट, मोडका पाय, झाकण, एकच जागा, सगळं. तिथला एक मदतनीस फिस्सकन हसला, आणि डॉक्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं की परत त्याचा आवाज आला नाही.

"म्हणजे बुधवारपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "मावशी, मी आत्ता ती शीर फाडणार होतो."

"मला समजलं ते. उशिरा बोलले."

त्यांनी तार बाहेर काढली. मनगटाच्या वर छोटा छेद घेतला आणि बारीक नळीच्या टोकाचा फुगा आत नेऊन, फुगवून, गुठळ्या मागं ओढून काढल्या. काळ्या, लांब, गांडुळासारख्या. मग अरुंद जागी दुसरा फुगा फुगवला. रक्त पळालं. दहा मिनिटं मांजर खरंच गुरगुरलं, डॉक्टरांनी तिचा उजवा हात चादरीखालून काढून बोटं तिथं टेकवून दिली. मग ते मंद झालं. मग गेलं. अजून एकदा केलं, ते पाच मिनिटं टिकलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी केलं नाही.

"हा हात संपला, मावशी."

शेवटी टाके घातले आणि मानेच्या उजव्या बाजूला डायलिसिसची नळी बसवली. नवीन जोड होईपर्यंत आणि त्याची शीर फुगून तयार होईपर्यंत ती मानेतच राहणार होती. नळीला पाणी लागू द्यायचं नाही, बंदराकडं फिरकायचंही नाही. उजव्या हाताची तारीख पंधरा दिवसांनंतरची. कागदावर सही तिनंच केली, उजव्या हातानं, फार सावकाश.

ढकलगाडीवरून बाहेर आणलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बुनहोक बसला होता. त्याचं डायलिसिस होऊन दोन तास झाले होते, सेंटरची गाडी त्यानं सोडून दिली होती.

"काय गं, मेलं का मांजर?"

मावशीनं त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली ओढलं आणि कानात काहीतरी पुटपुटली. बुनहोक सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड विचित्र दिसत होतं.

"काय म्हणाली?" मागून पळत आलेल्या युएइंगनं विचारलं.

"पाणी मागतेय," बुनहोक म्हणाला.

युएइंग तिथंच रडायला लागली. फ्रीझरचं तिला दारातच कळलं होतं, आणि वीट तिनंच ठेवली होती ना. दुसऱ्या दिवशी तिनं तो फ्रीझर शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, एकटीनं, लाथा घालत.

पुढचे दोन-तीन महिने मावशी कुणाला भेटली नाही. सेंटरला जायची, यायची, दार लावून घ्यायची. पंधरा दिवसांनी उजव्या हातात जोड झाला, नीट जमला. नवीन मांजर गुरगुरतंय असं पेइरू सांगायची. शेडमधला तिचा पाट कुणी उचलला नाही. युएइंगनं त्यावर कुणाला पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही. दार वाजवलं की मावशी आतून म्हणायची, "झोपलेय." सगळ्यांना वाटलं, बाई खचली. आम्हालाही वाटलं. मुलगा फोनवर म्हणायचा, आई बोलतच नाही. पेइरूनं तिच्यासाठी समुपदेशन करणाऱ्या बाईंना पाठवलं, त्यांनाही तेच उत्तर, "झोपलेय."

हिवाळ्यात शिंपल्यांच्या माळा करायचं काम असतं. रिकाम्या शिंपल्यांना भोकं पाडून दोरीत ओवायच्या, मग त्या समुद्रात टांगतात, नवी कालवं त्यांना धरतात. गावभरातून पोती येतात. एका दिवशी बुनहोकच्या हातगाडीवरून एक पोतं आलं, आणि भोकं पाडता पाडता युएइंग थांबली.

सुरी घुसते तिथं शिंपलीची कड टवका उडून फुटते. तुंगशीच्या शेडमधल्या झाडून सगळ्या बायका सुरी उजव्या हातात धरतात, म्हणून टवका नेहमी एकाच बाजूला असतो. या पोत्यातल्या शिंपल्यांना तो दुसऱ्या बाजूला होता. वरच्या थरातल्या शिंपल्या स्वच्छ फुटलेल्या, एका वळणात. मधल्या खडबडीत. पोतं उलटं केलं तर तळाशी नुसता चुरा, ठेचलेला, चिरडलेला, कुठं कुठं मांस तसंच वाळून चिकटलेलं.

ज्या डाव्या हातात आठ वर्षं पिशवीसुद्धा धरायची नव्हती, तो आता कुणाच्याच कामाचा नव्हता. मशीनलाही नको होता. म्हणजे तिचा होता.

युएइंग पोतं तिथंच टाकून मावशीच्या घराकडं पळाली. दार उघडंच होतं. आत मावशी, मानेतली नळी निघालेली, डाव्या हातात सुरी, उजव्या हातावर खांद्यापर्यंत प्लास्टिक बांधलेलं, समोर फळीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यात अडकवलेलं एक कालव, म्हणजे उजव्यानं धरायलाच नको.

"किती होतात तासाला?" युएइंगनं धापा टाकत विचारलं.

"तू एक फोडेपर्यंत माझं एक," मावशी म्हणाली. "आत्ताशी कुठं तुझ्याइतकी वाईट झालेय."

छिउ डॉक्टरांना कळलं तेव्हा ते खूप ओरडले म्हणतात, आणि मग ती फळी बघायला मागितली.

कालवं कुठून येत होती, ते बुनहोकनं पुढच्या वर्षी सांगितलं. सेंटरच्या गाडीत, त्याच्या स्वेटरच्या पिशवीत, दर खेपेला वीस-पंचवीस. ड्रायव्हर वासानं हैराण व्हायचा आणि बुनहोक म्हणायचा, माझे पाय आहेत ते. पहिली खेप त्यानं मावशीकडं दिली ती त्या ऑपरेशननंतरच्या सोमवारी. कारण शुक्रवारी, ढकलगाडीवर पडल्या पडल्या, बाही धरून तिनं त्याच्याकडं पाणी मागितलंच नव्हतं. कालवं मागितली होती.